वेणूमावशीचा सिलिंडर

१४ नोव्हेंबर

ही डायरी भगवानच्या कंपनीनं दिवाळीला दिली. बोनसच्या नावानं ठणठण गोपाळ आणि वर ही जाडजूड डायरी. ती पुढच्या वर्षाची आहे, पण मला राग आजचा आहे, म्हणून छापलेल्या तारखा खोडून लिहितेय. नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते, इथं भगवान लिहिणार. डायरी काय सासूला जाऊन सांगणार आहे?

निळा सिलिंडर परत वाढला. धंद्याला निळाच घ्यायचा असा कायदा. घरच्या लाल सिलिंडरवर धंदा केला तर दंड. बरं, पाळू की कायदा, पण पाळणाऱ्याला तो परवडायला नको? दिघ्यात आमच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत माझं पोळी-भाजी केंद्र. इथून रबाळ्याच्या कारखान्यांत डबे जातात. सयाजी रिक्षावाला ते नेतो. तोही आज मान खाजवत म्हणाला, "ताई, सीएनजी वाढला, बघा थोडं." मी कुणाकडं बघू? डब्याचा दर वाढवते म्हटलं तर कारखान्यातली पोरं म्हणतात, मग आम्ही वडापाव खातो. तेल वाढलं, गॅस वाढला, रिक्षा वाढली. माझा डबा तेवढा होता तिथंच.

आणि सरकारनं नाक्यावर काय उभं केलंय? रोहित पक्षी. फायबरचा, गुलाबी, एका पायावर उभा, पोटात लाइट, पायाशी कारंजं. आमच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि हा पक्षी दिवसभर अंघोळ करतो. भगवान म्हणाला, "खरा असता तर एव्हाना उडून गेला असता." मला हसू आलं. मग परत राग आला.

२० नोव्हेंबर

दुपारी भांडी झाल्यावर शेजारच्या वेणूमावशीकडं बसले होते. मावशी माणगावकडची, सत्तरीला टेकलेली, एकटी. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अश्विन चांगल्या नोकरीत आहे, करंजाड्याला चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. दर रविवारी त्याचा फोन येतो, आई, इकडं राहायला ये. मावशीचं उत्तर ठरलेलं. "जवर माजं पानी मी तापवतेय, तवर ही खोली सोडायची नाय." ही खोली तिनं आणि काकांनी डोक्यावरून विटा वाहून बांधली. रविवारी विहारात वंदना तीच सांगते, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाला उभ्या माणसानं चप्पल काढून हात जोडावेत. करंजाड्यात तिला कोण ओळखतं?

मी काही मागितलं नाही, हे इथं लिहून ठेवते. मी नुसतं म्हणाले, "मावशी, तुझा सिलिंडर किती दिवस जातो गं!"

"एकटीचं काय गो, तीन-तीन महिनं जातो."

मी गप्प बसले. मी गप्प बसले की समोरचं माणूस बोलतं, हा माझा अनुभव आहे. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुला पायजे तर ने. तुजा धंदा हाय." मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले. मग ठरलं असं की सिलिंडर मी वापरायचा, भरायचे पैसे माझे, आणि मावशीला दोन्ही वेळचा डबा माझ्याकडून. राहिला चहा आणि अंघोळीचं पाणी. "त्याला काय, मागं तीन विटा मांडते. कारखान्यांच्या भंगारात फल्या पडल्यात ढीगभर. चुलीवरच्या पान्यानं आंग हलकं होतं."

तिलाही बरं, मलाही बरं. सरकारला असा हिशोब करायला कुणी शिकवलं तर बरं होईल.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर, दादरला अभिवादनाला जाऊन आलो. मावशी दरवर्षी निळी किनार असलेली पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या पुढं असते. यंदा म्हणाली, "जा तुमी, माजं पाय दुखतात." वय झालं आता तिचं. येताना तिच्यासाठी एक फोटो आणला, फार खूश झाली.

तिच्या चुलीची एक गंमत लिहायची राहिली. त्या फळ्यांना कसलंतरी औषध मारलेलं असतं, म्हणून जाळ हिरवा निघतो. मावशीनं मला मुद्दाम बोलावून दाखवला. "बग गो, दिवाली!"

१६ डिसेंबर

महिन्याचा ताळमेळ पहिल्यांदाच बरा लागला. निळा घ्यावाच लागला नाही. म्हणून मनातली एक गोष्ट केली. केंद्राला लाइटचा बोर्ड सांगितला. 'अस्मिता पोळी-भाजी केंद्र', कडेनं फिरणारे रंगीत दिवे, मधे माझा फोटो. भगवान म्हणाला, "डबे कारखान्यात जातात, बोर्ड बघायला कोण येणार? त्या पैशात दोन निळे आले असते." त्याला धंद्यातलं काय कळतं? दिसतं ते विकतं.

२८ डिसेंबर

आज डोकं फिरलं. रबाळ्याहून निरोप, पोळ्यांना धुराचा वास येतो. एक गिऱ्हाईक तर म्हणे बोललं की ताईंनी गॅस सोडून टायर पेटवलाय का. मला कळेना, मग बघितलं तर मावशीच्या चुलीचा धूर वारा फिरला की सरळ माझ्या खिडकीतून आत. मी तिला नीट सांगितलं, चिडून नाही. "मावशी, धंद्याचा प्रश्न आहे गं, काहीतरी कर."

ती लगेच म्हणाली, "आत मांडते की. थंडी पन हाय." संध्याकाळपर्यंत तिनं विटा आत नेल्या, कोपऱ्यात. धूर माझ्याकडं येऊ नये म्हणून मागचं दारही लावून घेते. एवढी समजूतदार शेजारीण मिळायला नशीब लागतं.

११ जानेवारी

विहारात मावशीचा आवाज आज मधेच अडकला. सरणं गच्छामि म्हणताना तिसऱ्यांदा दम लागला, मग पुढचं आम्ही बायकांनीच म्हणून टाकलं. ती हसली, छातीवर हात ठेवून बसली.

धूळच तेवढी आहे! मागच्या वर्षी फुटपाथला लाद्या लावल्या, त्या चांगल्या होत्या, त्या काढून आता नव्या लावतायत. सगळी गल्ली सिमेंटनं पांढरी. सगळ्यांचेच घसे बसलेत. लाद्या काढायच्या, लाद्या लावायच्या, बिल काढायचं. आमच्याच पैशानं आमच्याच छातीत धूळ. मी मावशीला हळद-दूध नेऊन दिलं. ती म्हणाली, "नको गो, तुजा गॅस जातो."

२५ जानेवारी

आज काय दिवस होता! प्रेमलाताईंनी मोर्चा काढला. प्रेमलाताई म्हणजे आमच्या भागातल्या पुढारी, निवडणूक असो नसो त्यांचा फेटा तयार असतो. गॅसच्या भावाविरुद्ध चूल आंदोलन. नाक्यावर त्या पक्ष्यापुढं रिकाम्या सिलिंडरला हार घालायचा, रस्त्यावर चूल मांडून भाकऱ्या थापायच्या, चॅनेलवाले येणार. काल मीटिंगमध्ये पंचाईत झाली. सगळ्यांकडं गॅस, चूल कुणाकडंच नाही. ताई म्हणाल्या, "नव्या कोऱ्या विटा कॅमेऱ्यात लगेच कळतात. खरी चूल कुणाकडं आहे का?"

मी हात वर केला. "आमच्याकडं आहे!"

सकाळी मावशीच्या काळ्याकुट्ट विटा टोपलीत भरून नेल्या, फळ्या नेल्या, मावशीलाही नेलं. ती म्हणत होती, मी काय करू तिथं. मी म्हणाले, तू फक्त बस. आणि काय बसली ती! फुंकणी तोंडाला लावली, धूर झाला, डोळ्यांतून घळघळा पाणी, खोकल्याची अशी उबळ आली की कॅमेरावाला खूश. "आजी, अजून एकदा फुंका, अजून एकदा." मावशीनं तीनदा फुंकलं. अॅक्टिंग करावी तर अशी.

मग ताईंनी माइक माझ्या हातात दिला. मला भाषण कुठं येतं, पण तोंडातून आपोआप आलं. मी म्हणाले, "पक्ष्याला लाइट लावायला पैसे आहेत! लाद्या उखडायला पैसे आहेत! मग गरिबाच्या घरातला गॅस कुणी पळवला? आमच्या म्हाताऱ्या माणसांना परत चुलीपुढं कुणी बसवलं?" मावशीकडं हात करून म्हणाले. काय टाळ्या! प्रेमलाताई कानात म्हणाल्या, पुढच्या वेळी तिकिटाचं बघू.

मावशीला रिक्षानं परत आणलं. ती आल्या आल्या झोपली. डबा तसाच राहिला तिचा.

२७ जानेवारी

कालच्या पेपरात फोटो! मावशीचा चेहरा, धूर, मागं मी माइक घेऊन. अश्विनचा फोन आला माझ्याच मोबाइलवर. हसत होता. "ताई, आईला हिरोइन केलंत की! पण चूल कुठून आणलीत?" मी काही बोलायच्या आत मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. "मोर्च्यापुरती रे. मी काय रोज पेटवते काय?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं मला डोळ्यानंच गप्प केलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याला सांगितलं तर उद्या येऊन नेल मला." बरोबरच आहे तिचं. मुलांना सगळं सांगायचं नसतं.

१७ फेब्रुवारी

पाच-सहा दिवस लिहायला सुचलं नाही.

मावशी पडली. सकाळी डबा द्यायला गेले तर दार लोटलेलं, आत धूर कोंडलेला, मावशी भिंतीला टेकून बसलेली, ओठ जांभळे. बोलता येईना. नुसती बोटं हलवत होती. चुलीवर चहाचं पातेलं उकळून करपलेलं. मी ओरडले, भगवान आला, सयाजीच्या रिक्षात घातलं, डबे तसेच राहिले. सरकारी दवाखान्यात नाकाला नळी लावली तेव्हा कुठं तिचा श्वास खाली बसला.

रबाळ्यातून फोनवर फोन, डबे कुठं आहेत. मी पहिल्यांदाच कुणालातरी म्हणाले, आज वडापाव खा.

१९ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण पोरगी आहे. अश्विनला बाजूला घेऊन म्हणाली, फुप्फुसं खूप खराब आहेत, आता कायम ऑक्सिजनचं मशीन जवळ लागेल. मग मावशीला विचारलं, "आजी, घरात काय जाळता?"

अश्विन म्हणाला, "गॅस आहे ना घरी. मीच घेऊन दिलाय."

मी खाटेच्या पायाशी उभी होते. हातात फळांची पिशवी. माझे कान गरम झाले. आता मावशी सांगणार, मला वाटलं.

मावशी म्हणाली, "गॅस हाय, पन मला चूलच आवडते. सवय हाय लहानपनाची. ह्यो नको म्हनेल म्हनून चोरून पेटवत होते."

अश्विन कपाळाला हात लावून बसला. "आई, काय हा हट्ट! चुलीपायी जीव द्यायचा होता का?" डॉक्टरही रागावली. मावशी लहान मुलीसारखी खाली मान घालून ऐकत होती. दोघं तिला बोलत होते आणि मी उभी होते.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं. नंतर जिन्यावर बसून रडले. एक नर्स मोबाइल घेऊन आली, म्हणाली, "ही तुम्हीच ना? तुमचा व्हिडिओ आलाय आमच्या ग्रुपवर." माझाच आवाज आला, आमच्या म्हाताऱ्या माणसांना परत चुलीपुढं कुणी बसवलं. मी म्हणाले, बंद कर बाई ते.

१ मार्च

अश्विन मावशीला घेऊन गेला. ती खोलीच्या उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली, मशीन एका हातात, दुसरा हात चौकटीवर. रडली नाही. कुलूप लावून किल्ली माझ्याकडं दिली. "झाडून काडत जा. उन्हाला संपला की येतेच मी." अश्विन माझ्याकडं बघून मान हलवत होता, येणार नाही म्हणून. मग त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. "ताई, तुमचा डबा होता म्हणून आईनं इतके दिवस काढले."

मी पाय मागं घेतले.

आत जाऊन विटा उचलल्या आणि नाल्यात फेकल्या. फळ्या मात्र फेकायची हिंमत झाली नाही, कुणीतरी उचलून जाळेल म्हणून.

१९ मार्च

मावशीचा सिलिंडर अजून माझ्याकडंच आहे. त्यावरच पोळ्या होतात. परत द्यायचा तर कुणाला? अश्विनच्या घरी पाइपचा गॅस. आणि दिला तर का होता माझ्याकडं, हे सांगावं लागेल. बुकिंग केलं की कोड मावशीच्या मोबाइलवर जातो आणि तो सांगितल्याशिवाय गाडीवाला सिलिंडर देत नाही. म्हणून आज तिनं फोन केला. अश्विन कामावर गेल्यावर.

"कोड आलाय गो, लिही." चार आकडे सांगितले. मग बोलायलाच बसली. चौथ्या मजल्यावरून खाली माणसं मुंग्यांसारखी दिसतात. सून चांगली आहे पण दिवसभर ऑफिसात. शेजारचं दार कधी उघडंच नसतं. विहारात आता वंदना कोण सांगतं? सयाजीच्या बायकोला मुलगी झाली की मुलगा? मधे मधे थांबून दम घेत होती. मी पोळ्या लाटत ऐकत होते, फोन खांद्याला दाबून. एक पोळी करपली.

शेवटी म्हणाली, "सिलिंडर लवकर संपव गो. म्हंजे परत कोड येल." आणि हसली.

बोर्डाचे दिवे मी काढून टाकलेत. भगवाननं विचारलं का, मी म्हणाले बिल येतं.

८ एप्रिल

दुसरा कोड आला. मीच जरा आधी नंबर लावला होता, खोटं कशाला बोलू. अर्धा तास बोललो. मी तिला म्हणाले, "मावशी, तू डॉक्टरपुढं का असं बोललीस?"

"सोड ते. तू कदी येतेस सांग. तुज्या हातचं कालं वाटन खाल्लं नाय किती दिवस."

१९ एप्रिल

आज करंजाड्याला गेले. डब्यात काळ्या वाटणाची आमटी आणि भाकऱ्या. रविवार, म्हणून अश्विन आणि सून दोघंही घरी. मावशी खिडकीत खुर्चीवर, नाकात नळी, बाजूला मशीन गुरगुरतंय. मला बघून उठायला गेली. वाळून काटकी झालीय. पण आमटी बघून अशी खुलली की सगळ्यांना म्हणाली, आज कुणी माझ्या ताटात बघायचं नाही.

जेवताना अश्विन म्हणाला, "ताई, एक गंमत सांगू? मला अजून पटत नाही की आईला चूल आवडते. आम्ही लहान होतो तेव्हा माणगावला चूलच होती. धुरानं आईचे डोळे कायम लाल. ती बाबांशी दुसऱ्या कशावरून भांडली नाही, पण चुलीवरून भांडायची. माझा पहिला पगार झाला तेव्हा मी विचारलं, आई, तुला काय घेऊ? साडी नको म्हणाली, कानातलं नको म्हणाली. म्हणाली, मला गॅस घे, ह्या धुरातून सोडव. शेगडी आणली त्या दिवशी तिनं तिला पूजेसारखी फुलं वाहिली होती. आम्ही असलं काही करत नाही, तरी वाहिली! आणि म्हातारपणी हे असं. माणूस कसं बदलतं बघा."

मी मावशीकडं बघितलं. ती आमटी भुरकत होती. टेबलाखालून तिनं माझा गुडघा दाबला, घट्ट. गप्प बस.

मी गप्प बसले. जेवले. भांडी घासते म्हणाले तर सुनेनं घासू दिली नाहीत. निघताना मावशीनं मुका घेतला, म्हणाली, पुढच्या महिन्यात सुकट आण. अश्विन लिफ्टपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताई, येत जा. तुम्ही आलात की आई नीट जेवते. तुमचे उपकार कसे फेडू?"

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अश्विन, तिला चूल आवडत नव्हती. तिचा सिलिंडर माझ्याकडं होता."

"म्हणजे?"

"मी धंद्याला वापरत होते. निळा परवडत नव्हता. म्हणून ती त्या फळ्या जाळत होती."

"आत? खोलीत?"

"माझ्याकडं धूर यायचा म्हणून मीच सांगितलं."

लिफ्ट आली. त्यानं दार धरून ठेवलं, मी आत जाईपर्यंत. मग सोडलं.

बसमध्ये मला हलकं वाटलं. खूप दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. वाटलं, काय व्हायचं ते होऊ दे, एकदा खरं बोलून मोकळी झाले.

२१ एप्रिल

भगवानला सांगितलं. तो बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला, "मावशीला विचारलं होतंस का, सांगू का म्हणून?"

"खरं बोलायला विचारावं लागतं?"

"तुला बरं वाटावं म्हणून सांगितलंस तू."

मी म्हणाले, तुम्हाला माझं काही चांगलं दिसतच नाही. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

२७ एप्रिल

सिलिंडरचा नंबर लावला. मेसेज आला की हे कनेक्शन चालू नाही. मावशीला फोन लावला, लागत नाही. अश्विनला लावला, त्यानं कट केला. परत लावला, परत कट. मग लावला नाही. आज निळा घेतला.

प्रेमलाताई येऊन गेल्या. नाक्यावर आता त्या पक्ष्याला जोडीदारीण आणणार आहेत म्हणे, परत मोर्चा काढू, तुम्ही बोला. मी म्हणाले, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, का हो, तुम्हाला तर पोटतिडीक आहे. असा दुसरा पक्षी उभा करायला यांना लाज कशी वाटत नाही, हे मलाही वाटतं. मावशीची चूल तर त्या पक्ष्याच्याच पैशात विझली असती. पण मी माइक घेऊन कुणाला विचारू आता, कुणी पळवला म्हणून?

३ मे

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. उचलला तर नुसता श्वास. मग ओळखला.

"अस्मे, मी बोलते. खालच्या बागेत बसवलंय मला. एका बाईचा फोन मागून घेतलाय, पटकन सांगते."

"मावशी! कशी आहेस?"

"काय सांगितलंस गो त्याला?"

"खरं ते सांगितलं, मावशी. मला सोसवेना."

ती दम घेत होती. मागं मुलं खेळत होती, झोपाळ्याची करकर ऐकू येत होती.

"माजा मोबाइल काडून घेतलान. म्हनतो, त्या बाईचं नाव नको ह्या घरात. गॅस बंद केलान. खोलीला गिऱ्हाईक बगतोय, मेच्या आखेरीला सामान हलवनार." परत थांबली. "ती मोठी डाक्टरीन बोलली, पोरगा बोलला, सगल्यांचं ऐकून घेतलं मी. माज्या तोंडानं सांगितलं, चूल आवडते मला. ती चूल! कशासाठी सांगितलं गो?"

"मला वाचवायला."

"तुला कशाला वाचवू, तुला काय झालं होतं? तू येत रावी म्हनून. कोड यावा म्हनून. माजं हितं दुसरं कोन हाय?"

पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती, तिच्याकडं बघत उभी राहिले. मी म्हणाले, "मावशी, मी अश्विनच्या पाया पडते. उद्याच येते."

"येऊ नको. दारातनं परत पाठवील, ते मला बगवायचं नाय." मग खोकला आला. बराच वेळ खोकली. ती बाई म्हणत होती, आजी, बस करा, द्या फोन. मावशी म्हणाली, "थांब गो जरा." आणि मला म्हणाली, "मी इतकं दडवलं, आनि तू जाऊन सांगून आलीस. तुला कोनी इचारलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. तोवर फोन ठेवला होता तिनं.